चौकटीचा मान

चौकट टेकू देऊन उभी राहिली, हळदकुंकू लागलं, नारळ फुटला. आणि आता मेस्त्रीच्या अंगावर शाल पडायची, तेवढ्यात भाऊ सर बोलायला उठले.

निवृत्त मुख्याध्यापक म्हणजे अलिबागकडचं एक हवामानच. बारशाला, तेराव्याला, कुठेही कोसळतं. विहंग वकिलांच्या नव्या बंगल्यावर सर पाहुणे म्हणून आले होते, आणि फुकटच्या चहाची परतफेड ते नेहमी एखाद्या शब्दाचं मूळ सांगून करत.

येसाजी मेस्त्री चौकटीला हात लावून उभा होता. चौकट बसली की घरधन्याने मेस्त्रीला टॉवेल-टोपी द्यायची, ही रीत त्याच्या आज्यापासूनची. हल्ली लोक सिमेंटच्या तयार चौकटी आणतात. सिमेंटला टोपी कोण घालणार? यंदा त्याच्या हातून झालेली ही एकच सागवानी चौकट. तीही वकिलाची, म्हणून टॉवेलाऐवजी शाल. ती नवऱ्याच्या अंगावर पडताना बघायला तुळसा ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती.

सरांनी ‘मेस्त्री’ शब्द सोलायला घेतला. हा पोर्तुगीजांचा, रेवदंड्याला जहाजातून उतरलेला. त्याचा बाप लॅटिन ‘मॅगिस्टर’, म्हणजे इतरांहून वरचा माणूस. तोच इंग्रजांकडे मास्टर झाला, हिंदीत मिस्त्री, तमिळात मेस्तिरी. एवढे देश हिंडून आलेल्या शब्दाला सर काही केल्या खाली बसू देईनात. विहंग माना डोलावत होता. वकिलाला ज्यातलं कळत नाही, त्याला तो जास्त डोलतो. ‘वरचा माणूस’ ऐकून तुळसेने मात्र पदर सारखा केला.

टाळ्या पडल्या. विहंग इतका भारावला, की बायकोच्या, अनुयाच्या, हातातल्या तबकातली शाल उचलून त्याने सरांच्याच खांद्यावर घातली. सरांनी नको नको म्हणत खांदे पुढे केले. अनुयाला चुटपुट लागली असावी. तिने येसाजीला पेढा दिला. मग गवंड्यालाही दिला.

तुळसा जवळ सरकली. “अवं, ती शाल तुमची व्हती ना?”

“गप. त्यांना थंडी वाजत आसंल.”

मे महिन्याचं ऊन भिंतीवरून खाली आलं होतं.

विहंगने मोबाइल येसाजीच्या हातात दिला. “मेस्त्री, सरांबरोबर आमचा एक फोटो काढा. मागे चौकट येऊ दे.”

तिघे उभे राहिले. सर शालीच्या घड्या लावत होते.

“साहेब, जरा डावीकडं सरा,” येसाजी म्हणाला. “वहिनी, तुम्हीपण. सर, आजून थोडं.”

सर सरले. येसाजीने बटण दाबलं, मोबाइल परत दिला आणि रंधा, पटाशी पिशवीत भरायला बसला.

विहंगने फोटो उघडला. माणूस एकही नव्हता. उंबऱ्यापासून वरच्या गणेशपट्टीपर्यंत चौकट होती, आणि तिच्यातून दिसणारी सुपारीची बाग.