रिकामी केबिन

न्हावा शेव्याच्या बंदरात चांगदेव वर्षानुवर्षं क्रेनच्या उंच केबिनमध्ये बसून कंटेनर उचलायचा. आता कंपनीने त्याला ऑफिसात पडद्यापुढे बसवलं; क्रेन इथूनच चालवायची. साहेब म्हणाले, बढती आहे. कसली डोंबलाची बढती! एसी होता, खुर्ची मऊ होती, पण बोलायला चिटपाखरू नव्हतं.

पूर्वी कंटेनर मोकळा झाला की खाली त्याचे लॉक काढणारा हिराजी हात वर करायचा आणि चांगदेव भोंगा वाजवून त्याला ओ द्यायचा.

आज पहिला कंटेनर मोकळा झाला. पडद्यावरच्या इवल्याशा हिराजीने सवयीने मान वर केली, रिकाम्या केबिनकडे बघून हात हलवला. चांगदेवचा हात भोंग्याकडे गेला. तिथे चहाचा कप होता.

हिराजी तसाच हात उंचावून वर बघत राहिला.