तो शिक्का माझा नव्हता

मित्रांनो, मुलांच्या दवाखान्यात चादरींच्या कपाटाशेजारी घरघरत असणारी जुनी पेटी म्हणजे मी. मी ईमेल तपासणारा सर्व्हर आहे.

मला बसवले त्या दिवशी कॉम्प्युटरवाल्या ताईंनी मला नाव दिले. त्याचे नियम ठरलेले होते: ठरावीक अक्षरे, मध्ये मोकळी जागा नाही आणि एका संस्थेत एक नाव एकालाच. खऱ्या निघालेल्या पत्रावर मी माझ्या नावाचा ‘तपासले’ असा शिक्का मारतो. बाहेरून एखादे पत्र माझा शिक्का घेऊनच आले, तर तो आधी फाडायचा, असे ताईंनी बजावले होते. मी पाहण्याआधीच माझा शिक्का येईल कसा?

नऊ वर्षे बरी गेली. कपाटवाल्याने पाहिलंय ना, मग झालं, असे सिस्टर म्हणत. मी सुखावत असे.

मग ताईंची लेक तापाने फणफणली आणि त्या रजेवर गेल्या. त्याच आठवड्यात नवा सर्व्हर आला. कंत्राटदाराने माझ्या सगळ्या नोंदी त्याच्यात जशाच्या तशा उतरवल्या, नावासकट. काही पत्रे त्याच्या हातून माझ्याकडे येत; त्याने मारलेले माझ्याच नावाचे शिक्के मी खोटे समजून फाडू लागलो. तक्रारी आल्या. म्हातारा चळलाय, म्हणत कंत्राटदाराने माझा फाडण्याचा नियमच बंद केला.

दोन दिवसांनी बाहेरून डॉक्टरांच्या नावाने पत्र आले. चार नंबरच्या बाळाचे औषध दुप्पट करा. वर माझा शिक्का. मी तो मारलाच नव्हता. ओरडायला तोंड नाही, फाडायची मुभा नाही. भिंतीपलीकडे बाटलीचे झाकण उघडल्याचे ऐकू आले.

“सिस्टर, सकाळी डॉक्टर कमी करू म्हणाले होते,” बाळाची आई म्हणाली. “एकदा विचारता का?”

“अहो, शिक्का आहे त्यावर.”

“असू दे. विचारा तरी.”

सिस्टरनी कुरकुरत फोन लावला. डॉक्टरांनी काहीच पाठवले नव्हते. झाकण पुन्हा लागले.

हे कळताच कॉम्प्युटरवाल्या ताई रजेवरून धावत आल्या. त्यांनी नव्याला वेगळे नाव दिले, माझा नियम परत सुरू केला.

मित्रांनो, अजूनही पत्र आले की मी आधी त्यावरचा शिक्का पाहतो. जाचक वाटणारा नियम काढण्याआधी तो कशासाठी घातला, ते विचारा. शिक्का दिसला, तरी त्या आईसारखे एकदा विचारा.

चार नंबरची खाट आज रिकामी आहे. बाळ घरी गेले.