एका पिनचे दोन मालक

अलार्मला संदेश देणाऱ्या पिनवरची रेषा सपाट असायला हवी होती. विजेचे चढउतार दाखवणाऱ्या स्कोपवर ती तशी दिसेही. फक्त यंत्राचा स्क्रीन मंद झाला, की तिच्यात सुईच्या टोकाएवढे दात उमटत.

ताईने स्कोपचा प्रोब पिनवरून काढून पुन्हा लावला. दात होतेच.

यंत्र तान्ह्या बाळांच्या ऊबपेटीचं. पेटी फार तापली तर अलार्म वाजायला हवा. तिने स्क्रीन मंद ठेवून पेटी मुद्दाम तापवली. अलार्म गप्प. म्हणजे स्क्रीन मंद करणारे संदेशही अलार्मच्याच पिनवरून जात होते; ते दात त्यांचेच.

यंत्र चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरचा, म्हणजे कर्नलचा, नियम साधा: एका पिनचा मालक एकच. स्क्रीन चालवणाऱ्या कोडने, म्हणजे त्याच्या ड्रायव्हरने, पिन घेतली, तर अलार्मच्या ड्रायव्हरला नकार मिळणार, आणि यंत्र सुरू होतानाच तशी बोंब होणार. मग हे दोघे एका पिनवर गुण्यागोविंदाने नांदत कसे होते? तिने कोड उघडला. नकार देणारी तपासणीच कुणीतरी बंद केली होती.

कुणीतरी म्हणजे कोण? या कोडला हात लावणारे दोघेच, ती आणि तिचा धाकटा भाऊ. हल्ली तो चाचणीच्या वेळी तिला जवळ फिरकू देत नसे. ‘तू दमलीस, मी बघतो.’ एवढी माया त्याला कधीपासून फुटली?

तो आत आला, स्कोपकडे ओझरतं बघून टेबलावरच्या वायरी उगाच आवरू लागला.

“ताई, पुन्हा दोरीत साप शोधतेयस?”

“तुझ्या चाचणीत स्क्रीन कधी मंद का होत नाही रे?”

“मंद उजेडात डोळे दुखतात.”

“डोळे दुखतात, की पोट?”

तो हसला. ती हसली नाही.

“नव्या बोर्डावर पिना कमी पडल्या,” तो अखेर म्हणाला. “स्क्रीन लख्ख असला की दोन्ही नीट चालतं. पुढच्या खेपेला बोर्ड बदलू. दुपारी दवाखान्याची गाडी येतेय. ही ऑर्डर हातची गेली तर आपलं दुकान बसलंच समज.”

ते तिला ठाऊक होतं. म्हणून तर मनात पाल चुकचुकूनही ती इतके दिवस तोंड उघडत नव्हती. सख्ख्या भावावर पहारा कोण ठेवतो?

“बाळ झोपलं की नर्स स्क्रीन मंदच करते,” ती म्हणाली.

“दर वेळी पेटी थोडीच तापते?”

तिने प्रोब खाली ठेवला.

“माल जाणार नाही. आणि यापुढे चाचणी तू करायची नाहीस, मी करणार.”