ग्राफिक्स कार्ड आणि नळाची मोटर

सावनीचा कॉम्प्युटर ऑनलाइन गेमच्या ऐन सामन्यात दोनदा बंद पडला होता. पाच जणांच्या संघातला एक गडी असा मध्येच गायब झाला की उरलेल्या चौघांचं मातेरं होतं, आणि ते झालंही होतं. कप्तान सुदर्शन तसा सबुरीचा माणूस, पण शेवटी त्यानंही फोनवर सांगून टाकलं, "शनिवारी पात्रता फेरी आहे. पुन्हा बंद पडलं तर तुझ्या जागी चिन्मयला घ्यावं लागेल. राग मानू नको." राग कसला मानणार? दिवसभर ऑफिसात दुसऱ्यांची बिलं तपासणाऱ्या या पोरीला आपला म्हणावा असा हा खेळच काय तो होता.

बदलण्यासारखं बरंच होतं, पण ऐपत एकाच वस्तूची. रॅम, ग्राफिक्स कार्ड की वीज दगा देते तेव्हा कॉम्प्युटर चालू ठेवणारा यूपीएस? ज्याला विचारावं तो निराळंच सांगायचा. पैठण गेटच्या दुकानदारानं मात्र नेमकं विचारलं, "मॅडम, गेम अटकता है, के पूरा कॉम्प्युटरच बंद होता?"

"अटकता है," ती बोलून गेली. खरं तर कॉम्प्युटर पुरता बंद व्हायचा. पण तिचा जीव कार्डात अडकला होता. बाकी चौघांकडे तसलं कार्ड होतं, आणि यूपीएसचा बोजड डबा आणून कुणाला दाखवायचा?

शनिवारी सकाळी तिनं कार्ड बसवलं, संघाला कळवलं, गेम लावला. चित्र असं लख्ख दिसलं की तिला हायसं वाटलं. तेवढ्यात अंगणातून तिची आई, मंजुषाताई, ओरडली, "पाणी आलं गं!" पाच दिवसांनी नळ आला होता. मंजुषाताईंनी लगबगीनं मोटर लावली. मोटरनं वीज ओढली, डोक्यावरचा पंखा मंदावला आणि कॉम्प्युटर खटकन बंद.

एरवी खेळताना कानाला हेडफोन असायचे, मोटर कधी ऐकूच आली नव्हती. मागच्या दोन्ही वेळी ती रडकुंडीला येऊन बाहेर आली तेव्हा अंगणात भरलेल्या घागरी होत्या, हे तिला आत्ता आठवलं. पाण्याला ठरलेला वार नसतो, म्हणून तिच्या कधी ध्यानातच आलं नाही. आणि हे नवं कार्ड तर जुन्यापेक्षा जास्त वीज खाणारं! सामना तासाभरावर आला होता.

तिनं घाईघाईनं जुनं कार्ड परत बसवलं आणि अंगणात धावली. "आई, सामना सुरू झाला की मोटर बंद ठेवशील?"

"काय बोलायलीस? नळ गेला म्हणजे परत पाच दिवस बघायला नको. टाकी पार कोरडी पडलीय."

"आज बंद पडलं तर मला काढून टाकतील गं."

मंजुषाताईंना त्या खेळातलं काही कळत नव्हतं. लेकीचा चेहरा मात्र कळला. त्यांनी पदर खोचला. "जा, वेळ झाली की बंद करते."

सावनी खेळली, पण अर्धा जीव पंख्यात होता. शेजारच्या मोटरी चालूच होत्या. पंखा जरा मंदावला की तिची नजर वर जायची. कॉम्प्युटर कण्हत, रखडत चालला, पण चालला. संघ कसाबसा पुढच्या फेरीत गेला. "नवं कार्ड मस्त चालतंय की!" सुदर्शन हेडफोनमधून हसून म्हणाला. तिनं हेडफोन काढून ठेवले आणि ती अंगणात गेली.

बाहेर नळ गेला होता. टाकी अर्धीही भरली नव्हती. मोटरीविना, नळाच्या खड्ड्यात उतरून घागरी वर काढता काढता मंजुषाताईंचं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं होतं, तळव्यांवर लाल वळ उठले होते.

"पडलं का बंद?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग झालं तर."

आईच्या हातातली घागर घेऊन सावनीनं माजघरात ठेवली. मग नवं कार्ड डब्यात भरलं आणि गाडीची किल्ली उचलली. दुकानदाराला तिला एवढंच सांगायचं होतं, "भैया, अटकता नहीं, पूरा बंद होता है."