देवदत्त इन्स्पेक्टरांच्या खांद्यावरचा थर्मास

मी एक जुना थर्मास आहे. बाहेरून पत्र्याचा, हिरव्या-तांबड्या चौकटींचा, आणि आतून काचेचा. मित्रांनो, तुमच्या दप्तरात हल्ली स्टीलच्या बाटल्या असतात. त्या पडल्या तर फार तर पोचा येतो. माझे तसे नव्हते. माझ्या पोटात काचेचा एक फुगा होता. त्याला दोन भिंती होत्या आणि त्यांच्या मधली हवा काढून घेतलेली होती. मधे काहीच नसल्यामुळे उष्णतेला बाहेर पडायला वाट सापडत नसे आणि चहा गरम राहत असे. पण ती काच होती अंड्याच्या कवचासारखी पातळ. त्यामुळे जन्मल्यापासून मला एकच गोष्ट नीट येत होती, ती म्हणजे घाबरणे.

इंग्लंडमधल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. पट्ट्यावरून सरकत येणाऱ्या आम्हा भावंडांना एक बाई नखाने टिचकी मारून कान लावीत असत. ज्याचा आवाज बद्द आला, तो बाजूच्या पिंपात जाई. तिथून येणारा खळ्ळ असा आवाज मी पहिल्याच दिवशी ऐकला आणि तो पुढे कधी विसरलो नाही.

मला विकत घेतले सुवर्णाबाईंनी. त्या लेस्टर शहरात परिचारिका होत्या. मला उचलताना एक हात बुडाखाली लावायचा, हा त्यांचा नेम होता. दुपारच्या पाळीला भरलेला चहा पाळी संपतानाही वाफाळत असे, आणि बरोबरीच्या बायका म्हणत, "सुवर्णा, तुझा थर्मास आम्हाला दे आणि हवं तर आमचे नवरे घेऊन जा!" चोवीस वर्षांत माझ्या अंगावर ओरखडासुद्धा उठला नाही.

मग सुवर्णाबाई गेल्या आणि मी त्यांच्या मुलाकडे, देवदत्तकडे आलो. माझे सुखाचे दिवस तिथे संपले.

देवदत्त पोलिसात इन्स्पेक्टर होते. गुन्ह्यांचा तपास करायचे. अंगाने उंच, किडकिडीत. भर उन्हातही रेनकोट घालत. पट्ट्याने मला खांद्याला अडकवून फिरत, आणि ते दिवसातून निदान दोनदा पडत. कोटाचे टोक गाडीच्या दारात अडकवून गाडी सुरू करत. एकदा संशयिताला कोठडीत घालताना स्वतःही आत राहिले आणि किल्ली बाहेर. एकदा सायकलचोराचा पाठलाग करताना आम्ही दोघे बदकांच्या तळ्यात पडलो. मी बूच घट्ट धरून तरंगत राहिलो. देवदत्तांना पोहता येत नव्हते. शेवटी चोरच परत फिरला, त्याने त्यांना काठावर ओढून काढले आणि ओशाळून स्वतःच हात पुढे केले. ठाण्यातले मोठे साहेब म्हणत, "हा गुन्हेगारांना पकडतो की गुन्हेगार ह्याला सावरतात, तेच कळत नाही."

सगळे हसत. मला हसू येत नसे. प्रत्येक वेळी जमीन अंगावर धावून येताना मला कारखान्यातले ते पिंप आठवे.

एकदा तर अकरा महिने मी हरवलेल्या वस्तूंच्या कपाटात पडून होतो. देवदत्तांनी स्वतःच मला तिथे ठेवले होते आणि मग गावभर माझा शोध घेतला होता. लाज वाटते सांगायला, पण ते अकरा महिने मला बरे वाटले. तिथे धूळ होती, अंधार होता, पण पडायची भीती नव्हती.

यंदाच्या फेब्रुवारीत देवदत्त रजा घेऊन बहिणीकडे अमेरिकेत आले. बहीण नीलांबरी मिशिगनमध्ये, ॲन आर्बरजवळच्या एका लहान गावात, भाड्याच्या घरांच्या वसाहतीत राहते. समोरच्या दारात रुचा, तिचा नवरा सिद्धेश आणि नागपूरहून आलेले तिचे सासरे गुरुनाथकाका. काकांना कमी ऐकू येते आणि ते मोजके बोलतात. रोज सकाळी साडेसातला बाहेर पडायचे आणि सव्वाआठला परतायचे. फिरायला जातात, असे सगळे धरून चालले होते.

त्या सकाळी मी खिडकीतून बाहेर पाहिले. रात्री पडलेला पाऊस जागच्या जागी गोठला होता. झाडाच्या काड्या, विजेच्या तारा, पायऱ्या, गाड्यांचे टप, सगळ्यांवर काच चढली होती. अधूनमधून एखादी फांदी मोडे आणि खळ्ळ असा आवाज येई. सगळे जगच माझ्यासारखे फुटण्याजोगे होऊन बसले होते. वीज गेली होती. बाहेर उणे बारा अंश.

दहा वाजता दार धाडधाड वाजले. रुचा होती. तिने घरातल्या सपाता तशाच घातल्या होत्या.

"नीलांबरी, बाबा तुझ्याकडे आलेत का?"

"नाही गं. का?"

"साडेसातला गेलेत. अजून नाहीत. फोन इथेच चार्जिंगला लावलाय. सिद्धेश डेट्रॉइटहून निघालाय, पण रोड बंद आहेत. मी सगळा कॉम्प्लेक्स बघून आले गं!"

"पोलिसांना कॉल केलास?"

"येतायत."

देवदत्तांनी रेनकोट चढवला, माझ्यात उकळता चहा ओतला आणि मला खांद्याला अडकवले. दाराबाहेरच्या दुसऱ्याच पायरीवर आम्ही घसरलो. मी जेमतेम वाचलो.

पोलिसांची गाडी आली. अधिकारी एक तरुण बाई होती, कामाला चोख. अर्ध्या तासात तिला वसाहतीच्या मागच्या टोकाला काकांचे बूट सापडले. उन्हाळ्यातल्या पोहण्याच्या तलावाच्या पंपांची एक खोली तिथे आहे. जाड लोखंडी दार, खिडकी नाही, वर पाटी, 'फक्त कर्मचाऱ्यांसाठी'. दाराशेजारी भिंतीला लागून बूट होते. अधिकारीबाईने दार ओढून पाहिले. कुलूप होते. हाक मारली, उत्तर नाही. किल्ली फक्त वसाहतीची देखभाल करणाऱ्या फ्रँककडे असते आणि तो सुट्टीवर होता. तिथून पुढे उतार, आणि उताराखाली नदी.

ती रुचाला हळू आवाजात म्हणाली, की फार गारठलेल्या माणसाला कधी कधी उलटे खूप उकडू लागते. भान जाते. तो कपडे, बूट काढून टाकतो आणि चालत सुटतो.

रुचाला ते कळले आणि ती बर्फातच खाली बसली. "नदीकडे?" एवढेच तिने विचारले. बुटांजवळ खुणेचा नारिंगी शंकू ठेवून सगळे उताराकडे धावले. नीलांबरीही धावली. देवदत्तांनी निघताना तो शंकू लाथाडला, तेव्हा अधिकारीबाई मागे वळून म्हणाली, "सर, प्लीज, तुम्ही इथेच थांबा."

खाली लोक काठ्यांनी नदीवरचा बर्फ ठोकत होते. तो आवाज वर येत होता. माझ्यातला चहा गरम होता आणि तो द्यायला माणूस नव्हता.

देवदत्त रुचाला उठवायला वाकले. पाय सटकला. मित्रांनो, सत्तेचाळीस वर्षे मी ज्या क्षणाला भीत आलो होतो तो पापणी लवायच्या आत येऊन गेला. मी सगळ्या जोराने लोखंडी दारावर आदळलो. आत कच्च झाले. दोन भिंतींच्या मधे हवा शिरली. चहा काचांमध्ये झिरपत गेला.

देवदत्त पालथे पडले होते. त्यांनी मला कानाशी धरून हलवले. काचा वाजल्या. "आईचा होता," ते पुटपुटले.

"दादा, उठा ना. लागलं का?" रुचाने डोळे पुसत विचारले.

"थांब. पडलोच आहे तर बघून घेतो."

त्यांचे नाक काकांच्या बुटांपासून वीतभर अंतरावर होते. बराच वेळ ते तसेच राहिले. मला वाटले, मार डोक्याला लागला.

"रुचा, घरी आल्यावर काका बूट कुठे काढतात?"

"बाहेर. दाराबाहेर. मी शंभर वेळा सांगितलंय, बाबा, आत ठेवा, नेबर्स कम्प्लेंट करतात. ऐकतच नाहीत. दुकानात जातानासुद्धा काढायला लागले होते एकदा! पण आत्ता हे काय विचारताय, यार... सॉरी, दादा."

"कसे ठेवतात?"

"जोडीने. भिंतीला लावून. टाचा भिंतीकडे, म्हणजे निघताना..." ती थांबली.

बूट जोडीने होते. भिंतीला लागून होते. टाचा भिंतीकडे होत्या.

"भान गेलेला माणूस बूट भिरकावतो," देवदत्त म्हणाले. "असे मांडून ठेवत नाही. आपल्याकडे बूट दाराबाहेर असले, की माणूस कुठे असतो?"

रुचाने दाराकडे पाहिले. मग ती ओरडली, "बाबा!"

"त्यांना ऐकू जायचं नाही," देवदत्त म्हणाले. त्यांनी मला दोन्ही हातांत धरले. पहिल्यांदाच, बुडाखाली हात लावून. आणि दारावर हाणले. एकदा, दोनदा, तीनदा. माझा पत्रा चेपला. पोटातल्या काचांचा चुरा झाला. आता मला माझी भीती नव्हती. आत कुणी नसेल तर, ही भीती होती.

आम्ही थांबलो. काहीच नाही. देवदत्तांनी पुन्हा हाणले आणि गाल दाराला टेकवला.

टक.

इतका बारीक आवाज, की फांदीवरचा बर्फ तडकला असेल असे वाटावे. मग पुन्हा, टक, टक.

रुचा अनवाणीच उतारावरून धावत सुटली. सपाता मागे राहिल्या.

पोलिसांनी पहार घालून दार उचकटले. गुरुनाथकाका दाराला पाठ टेकून बसले होते. हाक त्यांना ऐकू आली नव्हती, पण माझे घाव पाठीला जाणवले होते. त्यांच्या मुठीत दाराची आतली मूठ होती, निखळून आलेली. तिनेच ते परत ठोकत होते. ओठ निळे. आणि समोर, काकांच्या कोटाखाली आणि मफलरखाली झाकलेल्या, कढीपत्त्याच्या नऊ कुंड्या.

वसाहतीतल्या नऊ घरांनी हिवाळ्याच्या तोंडाशी 'हा आता मरणारच' म्हणून बाहेर ठेवलेली ती रोपे. त्या खोलीत नळ गोठू नयेत म्हणून हीटर असतो. फ्रँकने नियम मोडून काकांना एक किल्ली दिली होती, म्हणून काका गप्प होते. त्या दिवशी वीज गेली, हीटर बंद पडला, दार मागे आपोआप लागले आणि मूठ हातात आली. काकांनी आधी रोपांना पांघरूण घातले.

दोन दिवस त्यांच्या पायाच्या बोटांचे काय होणार हे डॉक्टर सांगत नव्हते. तिसऱ्या दिवशी बोटे वाचली. ती बातमी रुचानेच घरी येऊन सांगितली, आणि सांगता सांगता रडली. दवाखान्यात ती काकांना म्हणाली होती, "बाबा, आम्हाला सांगायचं ना!" आणि काका म्हणाले होते, "तुम्ही कामात असता, बाळा. आणि कुणी विचारलं नाही."

देवदत्त परत गेले. जाताना विमानतळावर दुसऱ्याच कुणाची बॅग घेऊन निघाले होते, असे नीलांबरी सांगते. मला त्यांनी इथेच ठेवले, तिच्या खिडकीत. काचा काढून टाकल्या आहेत. आता मी नुसता चेपलेला पत्रा आहे. चहा माझ्यात गार होतो, म्हणून कुणी भरत नाही. माझ्यात फुटण्यासारखे काहीच उरलेले नाही आणि तरीही सकाळी सव्वाआठ वाजत आले, की मी घाबरतो. जिन्यावर काकांची पावले वाजेपर्यंत घाबरतो.

मित्रांनो, वस्तू जपून वापरा, हे तर मी सांगणारच. पण तुमच्या घरातही कुणीतरी रोज गुपचूप बाहेर जाऊन येत असेल. आजोबा असतील, आत्या असेल. "कुठे जाता?" एवढेच त्यांना आज विचारा. दम देऊन नको, चपला शोधत असतील तेव्हा सहज विचारा. उत्तर कदाचित लांबलचक असेल, त्यात नऊ कुंड्यांची नऊ दुखणी असतील. ऐकून घ्या. जमले तर एखाद्या दिवशी बरोबर जा.