चौथा बांध

सुदर्शननं अमेरिकेतून शेताच्या चारी बांधांचा व्हिडिओ मागितला, तेव्हाच शेषेरावांच्या मनात पाल चुकचुकली. पंधरा वर्षांत ज्या पोराला यंदा काय पेरलं हे विचारायला सवड झाली नाही, त्याला एकाएकी बांध कशाला हवेत? येळवस करतोय, असं तो म्हणाला. मार्गशीर्षातल्या अमावस्येला कडब्याची कोप म्हणजे खोपटं घालायचं, चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून पुजायचे आणि आंबिल शिंपडत चारी बांध फिरायचे. तिथं अमेरिकेत बांध नाहीत, म्हणून ते कापडावर छापून घेणार होता. शेषेरावांनी नुसतं हुं केलं.

लातूरच्या शिकवण्या हातपाय पसरत औसा रोडला, शेषेरावांच्या शेतापर्यंत आल्या होत्या. रस्त्याला शेत दिसलं की हॉस्टेल बांधणारा दारात हजर. शेजारच्या शिवलिंगच्या पोरानंही पुण्यातून असाच व्हिडिओ मागवला आणि महिन्याभरात विक्रीच्या कागदावर बापाची सही घेतली. भूकंपात शेषेरावांचं घर गेलं, आई गेली, उरलं ते शेत. तिथंच पत्र्याच्या शेडात सुदर्शन वाढला. ते शेतही गेलं तर, या धास्तीनं त्यांना जेवण गोड लागेना.

"पोरगंच हाय की आपलं," त्यांच्या पत्नी सिंधुबाई म्हणाल्या.

"म्हणून तर भ्या वाटायलंय."

शेवटी त्यांनी शक्कल लढवली. शिवलिंगच्या शेताला चक्कर मारली आणि त्याचे बांध मोबाईलमध्ये घेऊन पाठवून दिले. सुदर्शननं चकार शब्द काढला नाही. बघा, स्वतःचं शेतही ओळखू आलं नाही, असं म्हणून शेषेराव मनातल्या मनात खूश झाले.

येळवशीच्या सकाळी ते कोपीत बसले होते, तेव्हा व्हिडिओ कॉल आला. तिकडे आदली संध्याकाळ होती. एका गॅरेजात आपल्याकडची दहा-बारा घरं जमली होती. मक्याच्या धाटांची कोप, चुना लावलेले पाच दगड, आणि भिंतीवर शिवलिंगचं शेत. नात शिवांगी कापडाच्या कडेकडेनं आंबिल शिंपडत होती.

"आजोबा, हे शिवलिंगकाकांचं आहे ना? आपलं दाखवायची तुम्हाला भीती वाटते, असं बाबा म्हणाले."

शेषेरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरानं पहिल्याच दिवशी ओळखलं होतं, आणि बापानं पाठवलं म्हणून तेच भिंतीला लावलं होतं. ते तडक उठले आणि मोबाईल समोर धरून चालू लागले. हा उगवतीचा बांध, हा ओढ्याकडचा, हा चिंचेचा. मोकळं वाटत होतं. चौथा बांध रस्त्याला लागून होता. जमिनीचा सगळा भाव त्याच बांधाला होता. तिथं त्यांचे पाय थबकले आणि हातातला मोबाईल आपोआप खाली गेला.

"राहू द्या, दादा," सुदर्शन बापाला हळूच म्हणाला. "तीन बांध लई झाले."