सत्कार पायऱ्यांखाली झाला

मित्रांनो, जळगावच्या स्टेशनातून बाहेर पडून कोणत्याही रिक्षावाल्याला ‘तापी सभागृह’ एवढेच सांगा, तो पुढे काही विचारणार नाही. ते जुने सभागृह म्हणजे मी. जुने म्हणवून घेताना थोडा संकोच वाटतो, कारण मला उभे राहून अजून वीस वर्षेही झालेली नाहीत. पण इतकी माणसे माझ्या छताखाली येऊन हसली, रडली, भांडली आणि जेवून गेली, की माझ्या भिंती लवकरच पोक्त झाल्या.

माझा जन्म तोतारामनानांच्या हट्टातून झाला. नाना मूळचे धुळ्याकडचे. जळगावात येऊन त्यांनी कापसाचा जिनिंग कारखाना काढला आणि इथलेच झाले. त्या काळी शहरात मोठी सभा घ्यायची म्हणजे मंडप घालावा लागे, आणि वैशाखात त्या मंडपात माणसे भाजून निघत. नानांनी मंडळ स्थापन केले, घरोघर फिरून वर्गणी गोळा केली आणि मला बांधायला घेतले. माझ्यासाठी काळा दगड त्यांनी स्वतः खाणीवर उभे राहून निवडला. गवंड्यांना ते पुन्हा पुन्हा सांगत, “पायऱ्या उंच करा. चढताना माणसाला वाटलं पाहिजे, आपण कुठंतरी मोठ्या ठिकाणी चाललो आहोत.”

गवंड्यांनी तशाच केल्या. १९८२ साली माझे उद्घाटन झाले, तेव्हा आलेला प्रत्येक पाहुणा आधी पायऱ्यांचे कौतुक करी आणि मग आत येई. वऱ्हाडी मंडळी पायऱ्यांवर ओळीने उभी राहून फोटो काढून घेत. मीही छाती पुढे काढून उभे असे. केळीवाल्यांच्या परिषदा, नाट्यस्पर्धा, आंबेडकर जयंतीची व्याख्याने, लग्ने, शाळांची स्नेहसंमेलने, सगळे माझ्या पोटात सामावले. गर्व कसा चढतो ते मला तेव्हा कळले नाही. तो पायरीपायरीनेच चढला असावा.

मग १९८८च्या हिवाळ्यात मंडळाने एक शिबिर ठेवले. ज्यांचे पाय गेले आहेत त्यांना कृत्रिम पाय बसवून द्यायचे. कारागीर परगावाहून आले. खुर्च्या भिंतीला लावल्या गेल्या आणि माझ्या फरशीवर प्लास्टरची पोती आणि रबराची पावले येऊन पडली. मला फार आनंद झाला होता. सकाळ झाली आणि लोक येऊ लागले. पाचोऱ्याहून, चोपड्याहून, थेट धुळ्याहून आले. आले आणि खालीच थांबले.

मित्रांनो, मी वर दारे उघडून वाट पाहत होते आणि माझे पाहुणे माझ्याच पायऱ्यांपाशी बसून राहिले होते. त्यांना वर येता येत नव्हते. हे मला आधी कधी सुचले नव्हते. नानांनाही सुचले नव्हते.

स्वयंसेवक धावले. एकेकाला उचलून वर आणू लागले. भुसावळच्या रेल्वे यार्डात डबे जोडणारा मोतीलाल त्यांत होता. यार्डातल्या अपघातात त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला होता. त्याने उचलून घ्यायला नकार दिला. तो पायरीकडे पाठ करून बसला, तळहात मागे टेकले आणि अंग वर ओढत एकेक पायरी चढला. माझ्या पायऱ्यांनी तोवर चपला, बूट, पैंजण आणि वऱ्हाडाचे नाच अनुभवले होते. माणसाचे तळहात त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा लागले. दगड थंड होता. मोतीलालचे हात घामाने भिजले होते.

त्याच दिवशी सावद्याची शेवंताबाई आली होती. लहानपणीच्या पोलिओने तिचे दोन्ही पाय लुळे पडले होते. ती हाताने चालवायच्या तीनचाकीवर फिरे आणि हाताने फिरवायच्या शिलाई मशीनवर कपडे शिवून घर चालवी. तिला दोघा पुरुषांनी उचलून वर आणले. कारागिरांनी पाहून सांगितले की कृत्रिम पायाचा तिला उपयोग नाही. तिला पुन्हा उचलून खाली नेले. खाली गेल्यावर ती पदर सावरत म्हणाली, “पोतं उचलता तसं मले उचलता तुमी. आता नका उचलू. काही शिवायचं असलं तर सांगा, मी अठीच बसते.”

शिवायचे होतेच. पायाला बांधायचे पट्टे लागत होते. कुणीतरी हातमशीन आणून दिले, ते अंगणातल्या लिंबाखाली मांडून शेवंताबाई बसली आणि संध्याकाळपर्यंत पट्टे शिवत राहिली.

मोतीलालला पाय मिळाला, पण तो घरी गेला नाही. शिबिर संपेपर्यंत कारागिरांच्या मागेमागे राहिला, साचा कसा घ्यायचा, रबर कसे तासायचे ते शिकला. पुढे भुसावळला त्याने एक खोली घेऊन तुटलेले कृत्रिम पाय दुरुस्त करायला सुरुवात केली. दर हिवाळ्यात माझ्याकडे शिबिर भरू लागले आणि मोतीलाल त्याचा प्रमुख झाला. शेवंताबाई दर वर्षी यायची. पट्टे शिवायची, लोकांना चहा पाजायची, घाबरलेल्या बायकांची समजूत घालायची. पण सगळे लिंबाखाली बसूनच. ती माझ्यासाठी राबत होती आणि मी तिला आत घेऊ शकत नव्हते.

वर्षे गेली. मी रंगहीन झाले. छतातून पाणी ठिबकू लागले, लाकडी खुर्च्या कुरकुरू लागल्या. १९९५ साली मंडळाने माझे नूतनीकरण करायचे ठरवले. शहर एकत्र आले. कुणी पंखे दिले, कुणी रंग दिला. महिला मंडळांनी रंगमंचाचा नवा मखमली पडदा शिवून द्यायचे कबूल केले आणि त्याचे तुकडे गावोगावी वाटून घेतले. सावद्याच्या वाट्याचे तुकडे शेवंताबाईने शिवले, आणि शेवटी सगळे जोडायचे कामही तिच्याकडेच आले.

पायऱ्यांना गुळगुळीत ग्रॅनाइट लावायचे ठरले, तेव्हा मोतीलाल मंडळाच्या बैठकीला आला. बैठक माझ्याच मागच्या खोलीत होती.

“नाना, पायऱ्यांचं काम निघालंच आहे, तर एका बाजूनं उतार करून घ्या,” तो म्हणाला. “तीनचाकी वर येईल असा.”

नाना म्हणाले, “करू की. नकाशात घेतलाय. मागच्या बाजूला, स्वयंपाकघराजवळ.”

“मागं नको. पुढं करा.”

“अरे, पुढं उतार केला तर सगळी शोभा जाईल. या पायऱ्या म्हणजे या वास्तूचा चेहरा आहे. आणि तुला काय अडचण? तू तर आता सरसर चढतोस.”

“चढतो, म्हणून तर बोलतोय,” मोतीलाल म्हणाला. “नाना, माझ्या वडिलांची निम्मी हयात लोकांच्या मागच्या दारापाशी उभं राहण्यात गेली. पाणीसुद्धा त्यांनी तिथंच उभं राहून घेतलं, वरून ओतलेलं. आमच्या समाजानं ती दारं सोडली. आता पाय गेला म्हणून मी पुन्हा त्या दारानं येणार नाही, आणि दुसऱ्या कुणाला घेऊनही येणार नाही.”

नानांचा चेहरा पडला. ते वाईट मनाचे नव्हते. त्यांनी आयुष्यात कुणाला मागच्या दाराने बोलावले नव्हते, निदान त्यांना तसे वाटत होते. पण त्या पायऱ्यांवर त्यांचा जीव होता. ते एवढेच म्हणाले, “मंडळानं ठरवलंय.”

त्या हिवाळ्यात शिबिर माझ्याकडे भरले नाही. मोतीलालने ते भुसावळच्या एका शाळेच्या पटांगणात घेतले. मी रंगवले जात होते, सजवले जात होते आणि मला करमत नव्हते.

पुढच्या वर्षी काम पुरे झाले. गाद्यांच्या खुर्च्या आल्या, कूलर आले, पायऱ्यांत तोंड दिसू लागले. पुनरुद्घाटनाच्या समारंभात शहरासाठी झटलेल्या लोकांचा सत्कार ठेवला होता आणि त्यात मोतीलालचे नाव होते. ते नाव नानांनीच घातले होते. मोतीलाल येईल की नाही, याची मला धाकधूक होती.

तो आला. सोबत कुबड्यांवरची, तीनचाकीवरची बरीच माणसे होती. शेवंताबाई सर्वांत पुढे, नवे लुगडे नेसून. एक कार्यकर्ता लगबगीने खाली गेला आणि म्हणाला, “यांना मागून घ्या ना, मागं उतार केलाय. तुम्ही या वर, मोतीलालभाऊ.”

“आम्ही इथं बरे आहोत,” मोतीलाल म्हणाला.

आत भाषणे झाली. मग निवेदकाने मोतीलालचे नाव पुकारले. कुणी उठले नाही. पुन्हा पुकारले. लोक माना वळवून दाराकडे पाहू लागले. कार्यकर्त्याने व्यासपीठावर जाऊन नानांच्या कानात सांगितले, “ते खालीच उभे आहेत. म्हणतात, सत्कार करायचा तर इथं करा.”

नाना संतापले. “नाटक करायला आलाय का हा?” ते पुटपुटले. माईक जवळच होता. ते वाक्य सगळ्या सभागृहाला ऐकू गेले. मला वाटले, आता सगळे संपले.

मग काय मनात आले कोण जाणे, नानांनी तबकातली शाल आणि नारळ उचलला आणि ते व्यासपीठावरून उतरले. सत्तरी ओलांडलेला माणूस, गुडघे दुखणारा. मधल्या वाटेने ते दाराबाहेर आले. नव्या ग्रॅनाइटवरून त्यांचा पाय सरकू लागला, तशी त्यांनी कार्यकर्त्याचा खांदा धरला. आतले लोक उठून त्यांच्यामागे बाहेर आले. खाली पोहोचेपर्यंत नानांना धाप लागली आणि ते शेवटच्या पायरीवर मटकन बसले. शेजारीच शेवंताबाईची तीनचाकी उभी होती.

शेवंताबाईने वाकून हळूच विचारले, “नाना, पडदा सरळ लटकला का हो? खालची किनार वाकडी त नाही ना दिसत?”

नाना तिच्याकडे पाहत राहिले. “तू शिवलास पडदा?”

“शिवला सगळ्यांनी. जोडला मी. लटकल्यावर कसा दिसते ते मात्र पाह्यलं नाही.”

ज्या पडद्यासमोर नाना आत्ताच बसून आले होते, त्याच्याविषयी ती विचारत होती. नानांनी मान वळवून वर पाहिले. बसलेल्या माणसाच्या डोळ्यांनी त्यांनी मला कधी पाहिले नव्हते. पायऱ्यांवर पायऱ्या, आणि दार कुठेतरी पार टोकाला. ते एरवी सभेत शुद्ध बोलत, पण मन हलले की त्यांच्या तोंडी गावाकडची अहिराणी येई.

“मोतीलाल,” ते म्हणाले, “आठे बसीसन दखं तं बठ्ठं कितलं उंच दिखस रे!” इथे बसून पाहिले तर सगळे किती उंच दिसते, असे ते म्हणत होते.

मोतीलाल त्यांच्याशेजारी बसला, नकली पाय पुढे लांब करून. नानांनी त्याच्या खांद्यावर शाल घातली. टाळ्या कुणी तरी उशिराने सुरू केल्या. शेवंताबाई त्या दिवशी पडदा न पाहताच सावद्याला गेली. मागच्या दाराने ती आली नाही, आणि कुणी तिला तसे सुचवलेही नाही.

पुढच्या बैठकीत समोरच्या बाजूला उतार करायचा विषय निघाला आणि बरीच वादावादी झाली. नवा कोरा ग्रॅनाइट फोडायचा म्हणजे वेडेपणा, असे अनेकांचे म्हणणे होते. नाना म्हणाले, “पायऱ्या बसवल्या मी, फोडतोही मी.” आणि छिन्नी चालली. खरे सांगते मित्रांनो, मला दुखले. ज्या पायऱ्यांचे कौतुक ऐकत मी मोठे झाले, त्यांतल्या निम्म्या माझ्या डोळ्यांदेखत ढासळल्या. पण तिथे लांबलचक, सौम्य उतार झाला, तेव्हा मला हलके वाटले.

शेवंताबाई आली, ती कुठल्या समारंभाला नाही. एका साध्या दुपारी आली. स्वतःच्या हातांनी चाके फिरवत वर आली, दारात क्षणभर थांबली आणि रंगमंचापर्यंत गेली. पडद्याची किनार तिने बोटांत धरून पाहिली. एका ठिकाणी टाका उसवला होता. तिने पिशवीतून सुईदोरा काढला आणि तो तिथेच घातला. मग ती व्यवस्थापकाकडे वळून म्हणाली, “नाटक पाह्यला आली तर मी बसू कोठी? मधल्या वाटेत उभी राह्यली तर लोकायले अडचण.”

त्याच आठवड्यात तिसऱ्या रांगेच्या कडेची एक खुर्ची काढून टाकली गेली.

आता त्या उतारावरून फक्त तीनचाक्याच येत नाहीत. काठी टेकणारे आजोबा येतात, कडेवर लेकरू घेतलेल्या आया येतात, मोठी पातेली घेऊन आचारी येतात, जड शालू नेसलेल्या नवऱ्या मुली येतात. शिबिरही परत आले आहे. नाना गेल्या वर्षी वारले. शेवटी शेवटी तेही त्याच उताराने येत, मोतीलालच्या हाताला धरून.

मित्रांनो, माझे एक मागणे आहे. माझ्या भिंतींवर नावे कोरू नका, खुर्च्यांच्या गाद्या फाडू नका, हे तर खरेच. पण नवखे प्रेक्षक कधी कधी तिसऱ्या रांगेतली ती मोकळी जागा पाहून विचारतात, इथली खुर्ची मोडली वाटतं? आणि बाहेरून एखादी खुर्ची आणून तिथे ठेवू लागतात. तुम्ही जवळ असाल तर त्यांना थांबवा. सांगा, इथे बसणारे माणूस अजून यायचे आहे.